खांबाभोवतीची माती

ती जीप दारात थांबली तेव्हा आमच्या यांनी खाटेवरून न उठताच सांगून टाकलं, “आमच्या घरी तसं काही झालं नाही. पुढं जा.”

यांचं चुकलं नव्हतं. दोन हजार पाच सालचा उन्हाळा होता. त्या वर्षांत मारेगावच्या बाजूला अनोळखी जीप आली की ती कोणाच्या तरी मरणाची चौकशी करायला आलेली असायची. कधी सरकारी माणसं, कधी वर्तमानपत्रवाले, कधी सुती साड्या नेसलेल्या दिल्लीकडच्या बाया. आमचा मुलगा अतुल गेला तो जिनिंगवर कापूस घालून परत येताना, ट्रॉली उलटून. पण कापसाच्या मुलखात तरणा माणूस गेला म्हणजे दुसरं काय असणार, असं धरूनच हे लोक यायचे आणि आवाज खाली करून विचारायचे, “काय घेतलं होतं त्यांनी?” अपघात म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे. चहा अर्धा टाकून उठायचे. मग यांनी दारातूनच परतवायला सुरुवात केली.

या जीपमधून उतरलेला माणूस मात्र परत गेला नाही. त्याचे बूट मातीनं भरलेले होते. तो म्हणाला, घराचं मला काही विचारायचं नाही, रस्त्याच्या कडेचं ते सपाट वावर कोणाचं, एवढंच विचारायचं आहे.

ते कुलसंगे सर. नागपूरकडच्या एका संशोधन संस्थेत होते. त्यांना काळ्या मातीचं असं वावर हवं होतं, ज्याच्या चारी बाजूंना लांबवर कपाशीच असेल, मध्ये झाड नाही, घर नाही, वाऱ्याला अडवणारं काही नाही. त्यात एक खांब रोवायचा आणि माती आणि हवा यांच्यात काय देवाणघेवाण चालते ती मोजायची. ऊन किती आलं, मातीनं किती घेतलं, किती परत केलं, मातीतलं पाणी वाफ होऊन किती वर गेलं. यांनी विचारलं, हे मोजून पाऊस येते का. सर म्हणाले, नाही येत. यांना ते उत्तर आवडलं. त्या दिवसांत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण काही ना काही मिळवून देणार होता. काहीच न देणारा हा पहिला. यांनी जागा दिली.

कप न्यायला अपेक्षा बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. सर यंत्रांबद्दल सांगत होते, ते अडले, आणि पुढचं वाक्य तिनं पुरं केलं. सर तिच्याकडे वळले. त्यानंतर दोघं जे बोलले ते आम्हाला काही समजलं नाही, पण यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी यांच्याकडे. अतुल गेल्यापासून तिचा एवढा आवाज घरात ऐकला नव्हता.

अपेक्षा माझी सून. माहेर नेरचं. लग्न होऊन आली तेव्हा बी.एस्सी. झालेली होती. अतुल गेल्यावर मी अंथरूण धरलं होतं, घास तोंडाशी नेला की परत ताटात पडायचा. तिचे वडील किसनराव तिला न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, आईंना जरा उठून बसू द्या, मग येते. मी उठून बसले, चालायला लागले, वावरात जायला लागले. ती गेली नाही. किसनराव सणासुदीला यायचे आणि एकटेच परत जायचे. ती माझ्यासाठी राहिली होती की तिकडे जायला तिचं मन नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला उत्तर नको होतं, ती हवी होती. आज ना उद्या ही जाईल, ही एकच भीती मला त्या काळात होती. बाकी भ्यायला घरात काही उरलं नव्हतं.

सरांना रोज यंत्रांकडे पाहणारं माणूस गावातलंच लागणार होतं. ते काम तिला मिळालं.

खांब उभा राहिला तो माणसाच्या दुप्पट उंचीचा. टोकावर वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्या. त्याखाली काचेचे दोन घुमट, एक आभाळाकडे पाहणारा, एक खाली मातीकडे. हवेतली उष्णता आणि ओलावा सांगणारी यंत्रं पांढऱ्या ताटल्यांच्या उतरंडीत बसवलेली. आणि खांबाच्या पायाशी, मातीत पुरलेली एक चपटी तबकडी आणि वेगवेगळ्या खोलीवर खुपसलेल्या काड्या, ज्या मातीची ओल सांगायच्या. सगळ्याभोवती तारेचं गोल कुंपण, गुरं शिरू नयेत म्हणून. कुंपणाच्या आतही कपाशी होतीच, बाहेरच्या ओळी सरळ आतून पुढे गेलेल्या.

विधवा सून जीपवाल्यांबरोबर वावरात असते, यावर गाव बोललं. म्हणून सुरुवातीला मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसायची. पुढे बोलणारे थकले, मी मात्र जातच राहिले. ते दिवस मला फार आठवतात. दुपार कलली की मी तिचं खाणं घेऊन निघायची. ती कुंपणात बसून यंत्रांच्या पेटीत उमटणारे आकडे पाहत असायची. विचारात पडली की वेणीचं टोक दातात धरायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनची सवय, मी तिला त्यावरून किती बोलले असेन. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी धुऱ्यावर टेकायची आणि आज काय काय झालं ते सांगायची.

“आई, सरांनी कॉम्प्युटरात एक खोटं वावर केलं आहे,” ती एकदा म्हणाली. “त्याले ऊन सांगा, वारा सांगा, पाऊस सांगा, माती कशी आहे ते सांगा. मग ते सांगते, आज मातीतून किती पाणी उडालं अन् माती किती तापली.”

“मग खरं वावर कायले पाह्यजे?”

“खोटं खरं बोलते का नाही, ते पाह्याले.”

मी म्हटलं, तुमच्या सरांना सांग, आमच्या गावात असं पाहायला बसलं तर जन्म पुरणार नाही. ती हसली. त्या हसण्यासाठी मी असलं काहीबाही बोलत असायची.

तिनंच मला सांगितलं, की मातीवर पडलेल्या उन्हाला कुठं तरी जावंच लागतं. मातीत ओल असली तर ते पाण्याची वाफ करून वर नेण्यात खर्ची पडतं आणि जमीन गार राहते. ओल नसली तर तेच ऊन मातीला तापवतं, वरच्या हवेला तापवतं. नाहीसं होत नाही. आलेलं ऊन एका बाजूला आणि मातीत शिरलेलं, हवा तापवलेलं, वाफेबरोबर गेलेलं दुसऱ्या बाजूला, याचा मेळ बसला पाहिजे. तसंच पाण्याचं. मातीतून जेवढं कमी झालं तेवढं हवेत सापडलं पाहिजे. हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. समजत नव्हतं म्हणून नाही.

पेरणी झाली, कपाशी वर आली आणि डवरणी सुरू झाली. कपाशीच्या दोन ओळींमधून बैलांनी डवरा ओढायचा. त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, वरची माती कापत जाते, तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि भेगा बुजतात. आमच्या काळ्या मातीला पाऊस उघडला की लगेच भेगा पडायला लागतात, म्हणून उघडीप मिळाली की डवरा घेऊन धावावं लागतं. आमचा सालदार प्रेमसिंग, जवळच्या तांड्यावरचा, डवरणीत मोठा तरबेज. पण बैल त्या फिरत्या वाट्यांना भ्यायले. खांब जवळ आला की फुरफुरायचे, अंग चोरायचे. एकदा तर डवऱ्यासकट कपाशीत मध्ये पेरलेल्या तुरीच्या ओळीत घुसले. प्रेमसिंग तणतणत माझ्याकडे आला.

“विमलकाकू, आता मी बैलाले समजावू का मालकाले समजावू?”

मी म्हटलं, बैलाले समजाव, लवकर होईल. यांनी ऐकलं असावं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी प्रेमसिंगनं खांब जवळ आला की लांबूनच बैल वळवायला सुरुवात केली. कुंपणातली आणि कुंपणाबाहेरची थोडी जागा डवऱ्यावाचून राहायची. तिथलं तण अपेक्षा हातानं उपटून टाकायची, त्यामुळे जागा स्वच्छ दिसायची. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढे पावसानं ओढ दिली तेव्हा गावात निराळंच सुरू झालं. खांबाच्या वाट्या ढग हाकलतात म्हणे. दोन म्हातारी माणसं खांब काढा म्हणून सांगायला घरी आली. यांनी त्यांना विचारलं, गेल्या साली तर खांब नव्हता, तेव्हा ढग कोणं हाकलले? ती माणसं उठून गेली, पण तण निंदायला येणाऱ्या बाया खांबाकडे पाठ करून बसायला लागल्या. कुंपणाच्या आत पाय ठेवायला एकीचीही तयारी नव्हती.

आणि त्याच उघडिपीत मेळ बसेनासा झाला. पाऊस होता तोवर सगळं बऱ्यापैकी जुळत होतं. माती सुकायला लागली तसं बिनसलं. मातीतल्या काड्या सांगत होत्या की खूप पाणी गेलं. वरची यंत्रं सांगत होती की एवढं काही आलेलं नाही. कॉम्प्युटरातलं वावर तिसरंच सांगत होतं. सर दोनदा येऊन गेले. तारा बदलल्या, तबकडी बदलली, काड्या उपसून दुसऱ्या खुपसल्या. तेच.

“माती म्हणते मी दिलं,” अपेक्षा धुऱ्यावर बसून म्हणाली, “अन् हवा म्हणते मले भेटलंच नाही.”

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सर म्हणून गेले होते की असंच राहिलं तर खांब इथून काढून दुसऱ्या जिल्ह्यात नेतील. खांब गेला की तिचं काम गेलं. आणि काम गेलं की ती पुन्हा घरात भिंतीकडे तोंड करून बसेल, नाहीतर किसनरावांबरोबर जाईल. मला दोन्ही नको होतं.

त्या आठवड्यात मी तिच्यासाठी दहीपोहे घेऊन गेले. ती आकड्यांतून मान वर काढेना, म्हणून मीच कुंपणात शिरले आणि वाटी तिच्या हातात दिली. देताना चमचा निसटला आणि दिसेनासा झाला. दोघी वाकून पाहायला लागलो. पायाशी एक भेग होती, चमचा तिच्यात गेला होता. मी आडवी झाले आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला तरी चमचा लागेना.

“आई, राहू द्या, साप निघन,” असं म्हणत ती हसत होती, मग मला बाजूला सारून तिनं स्वतःचा हात घातला. आणि हसायची थांबली. बराच वेळ तिनं हात तसाच आत ठेवला. मग उठली, कुंपणाबाहेर गेली, डवरलेल्या ओळींत बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. मीही गेले. वरची माती कोरडी आणि मऊ होती, पण खाली बोटांना गार लागत होती. ओली होती.

“कुंपणात सगळं सुकं आहे,” ती म्हणाली. “भेगेत तर गरम वाफ लागते. आई, आपण दुसरीच जमीन मोजून राह्यलो.”

मग तिनं मला तिथंच बसून सांगितलं. वरची यंत्रं मोजतात ती वाऱ्यानं साऱ्या वावरावरून आणलेली हवा, म्हणजे डवरलेल्या जमिनीवरची. खालच्या काड्या मोजतात ती फक्त खांबाभोवतीची माती, जिथं बैल येतच नाहीत. तिथं भेगा बुजल्या नाहीत, त्यातून खोलवरचं पाणी भराभर उडून गेलं. पण एवढ्याशा जागेचं पाणी साऱ्या वावराच्या हवेत कुठं दिसणार. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

चमचा राहिला तो राहिलाच. दहीपोहे तिनं बोटांनी खाल्ले.

सर आले तेव्हा कुंपणात उकिडवे बसून राहिले, मग स्वतःशीच हसले. म्हणाले, आम्ही इतकी जपून कुंपणं घालतो की आतलं वावर वावर राहतच नाही, हे मला सुचायला हवं होतं. मातीचे त्या हंगामाचे आकडे वाया गेले. पण पुढच्या हंगामापर्यंत खांब राहील, असं त्यांनी ठरवलं. अट एकच, बाहेर ज्या दिवशी डवरणी होईल त्याच दिवशी आतही तशीच व्हायला हवी, तेवढीच खोल.

जाताना ते ओसरीवर थांबले. अपेक्षा आत होती. त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं की पुढच्या वर्षी मेळ बसला तर ते तिचं नाव हैदराबादला पाठवतील. तिथं पुढचं शिक्षण होईल, याच विषयात. राहावं तिथंच लागेल, काही वर्षं. मुलगी हुशार आहे, पण हातात काही दाखवायला असल्याशिवाय तिथं कोणी विचारणार नाही. तुमची हरकत नसेल तर, असंही म्हणाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चहा थंड होते.

त्या उन्हाळ्यात ती दुपारची जाड इंग्रजी पुस्तकं घेऊन मधल्या खोलीत बसायची. मी तिला ताकाचा पेला नेऊन द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथंच उभी राहायची. आखाजीला, अक्षय तृतीयेला, किसनराव आले. या वेळी त्यांनी तिला नेण्याचं काढलं नाही. जेवता जेवता म्हणाले, हैदराबादचं झालं तर बरंच होईल, इथं तिचं आता काय आहे. बोलून गेले आणि खाली मान घालून जेवायला लागले. मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दोन हजार सहाची पेरणी झाली. कपाशीला डवरणी सुरू व्हायच्या बेतात असतानाच अपेक्षाला महिनाभरासाठी नागपूरला बोलावणं आलं. कॉम्प्युटरातलं वावर चालवायचं कसं, ते शिकायला. जाण्यापूर्वी तिनं काड्या आणि तारा जिथं होत्या तिथं लाल चिंध्या बांधल्या. दोन बायांना जास्त मजुरी कबूल करून आतली माती हातानं हलवायला तयार केलं. मला सगळं समजावून सांगितलं आणि गेली.

पहिल्या डवरणीच्या दिवशी त्या बाया आल्याच नाहीत. निरोप पाठवला की खांबावर वीज पडते. प्रेमसिंगनं बैलांच्या डोळ्यांवर बारदान बांधून पाहिलं. बैलांना दिसत नव्हतं, पण वाट्यांचा आवाज ऐकू येत होता. मी त्याला म्हटलं, मग तूच आत जाऊन हातानं कर.

“अन् बैल?” तो म्हणाला. “मी आत बसलो का हे वणीले पोचते.”

मी घरून खुरपं आणलं. हे धुऱ्यावर आले होते, काठी टेकून उभे होते. यांची नजर तेव्हाच अधू झाली होती, पण हातातलं खुरपं यांना दिसलं.

“तुले समजते ना,” हे म्हणाले, “हे जुळलं का पोरगी जाते?”

“समजते.”

“मग?”

“मग काय. बाहेरचं डवरून होऊन राह्यलं.”

हे काठी आडवी ठेवून धुऱ्यावर बसले.

मी कुंपणात शिरले आणि पाय पसरून बसले. उकिडवं बसणं गुडघ्यांना जमत नव्हतं. डवऱ्याची पास जाते तेवढंच, दोन बोटं खोल, खुरपं चालवायचं. चिंध्यांजवळ खुरपं बाजूला ठेवून बोटांनीच. डोक्यावर वाट्या फिरत होत्या, त्यांचा आवाज बारीक होता, सुपात दाणे हलवल्यासारखा. भेगा अजून केसाएवढ्याच होत्या. त्या बोटाखाली बुजत गेल्या. एक दिवस उशीर झाला असता तरी कोणी मला बोललं नसतं. म्हाताऱ्या बाईचे गुडघे, एवढं कारण पुरलं असतं, आणि ते खरंही होतं. हे सगळं माझ्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण खुरप्यापुढची माती भेगाळलेली दिसायची आणि मागची भुसभुशीत दिसायची, आणि पुढची जागा तशी सोडून उठवत नव्हतं. मध्येच मला वाटायचं की ती गेल्या वर्षी बसायची तिथंच मी बसले आहे. मग मी तिथली माती जरा सावकाश हलवायची.

त्या हंगामात प्रत्येक डवरणीला मी आत गेले. ती नागपूरहून परत आल्यावर म्हणाली, आता मी करते. मी म्हटलं, तू आकडे पाहा, तुला दोन बोटं समजत नाहीत, तू चार जाशील. खुरपं तिच्या हातात दिलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एवढंच की ते माझ्या हातून व्हावं असं वाटत होतं.

पाऊस त्या साली उदंड पडला आणि मग एकदम उघडला. ऊन तापायला लागलं. खरी परीक्षा तेव्हाच होती. ती संध्याकाळी अंधार पडेपर्यंत कुंपणात बसायची. काय झालं ते आम्ही विचारायचो नाही. एका दुपारी किराणा दुकानाच्या फोनवर सरांचा फोन आला. ती जाऊन आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “जुळलं.” मग तिनं परात ओढली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. यांनी ओसरीवरून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, जुळलं. त्या रात्री आम्ही तिघंही नेहमीसारखे जेवलो.

नंतर सर आले ते जरा नाराजच. अपेक्षा हैदराबादला नाही म्हणाली होती. सासू-सासऱ्यांचं करायला कोणी नाही, असं तिनं त्यांना सांगितलं होतं.

सर गेल्यावर मी मधल्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

“आमचं नाव काहून घेतलं?”

“खोटं आहे का? मामाजीले दिसत नाही. तुमचे गुडघे असे.”

“गुडघे तू यायच्या आधीपासून दुखते.”

ती घडी करत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाले वाटते का मी जावं? तुम्ही जाय म्हणा, मी जातो.”

इतकी वर्षं मी तिला जे विचारायचं टाळलं होतं, ते तिनं मलाच विचारलं.

“मले नको विचारू,” मी म्हटलं. “मी तुले कधीच जाय म्हणणार नाही. मले तू म्हातारी होईपर्यंत इथंच पाह्यजे. माझ्या म्हणण्यावर राह्यलीस तर इथंच राहशील.”

ती माझ्याकडे पाहत होती. वेणीचं टोक तिच्या दातात होतं. मी त्यावरून काही बोलले नाही.

“तू आपल्या मनानं काय ते कर,” मी म्हटलं आणि उठले, कारण आणखी बसले असते तर राहा म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटीतून अतुलची मोठी बॅग काढली आणि उन्हात टाकली.

तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली. पुढे तिनं तिथंच लग्न केलं. त्या लग्नाला हे गेले होते, मला जाववलं नाही. हे वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिचा फोन येतो. तिकडच्या मातीचं सांगते, इकडच्या पावसाचं विचारते. मुलीला फोन देते, ती मला आजी म्हणते आणि अर्धं बोलणं तेलुगूत करते. मी हो हो म्हणते. सगळं चांगलं झालं, वाईट काहीच नाही. पण दुपार कलली की अजूनही माझ्या मनात येतं, तिचं खायचं न्यायचं राहिलं.

ती गेली त्या दिवशी आम्ही दोघं तिला फाट्यावर सोडायला गेलो होतो. मुकुटबनकडून बस आली. तिनं माझ्या पाया पडावं, मी तिला उठवावं, असं काही नीट झालं नाही. कंडक्टर घाई करत होता, बॅग दारात अडकली, ती ओढण्यातच वेळ गेला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला असेल, पण दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून. मला दिसला नाही. बस वळणावर गेली.

हे म्हणाले, चल. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, येते मी. हे काठी टेकत निघाले. मी फाट्यावरच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं समोरून बस आली, यवतमाळकडून येणारी. तिच्यातून कोणीही आमच्याकडे येणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठून उभी राहिले आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराकडे पाहत राहिले.